आधी गोदेचं पंचांग, मग घाटाचा नकाशा: नाशिकचा नदीकाठ नव्यानं आखताना

नदीकाठ सुशोभीकरणाचं कुठलंही सादरीकरण उघडा, पहिल्या चित्रात हमखास डिसेंबर असतो. पाणी निळंशार, फरशी कोरडी, एक बाई मुलाचा हात धरून चाललेली. अशी गोदा वर्षातून फार थोडे दिवस दिसते, हे पंचवटीतलं शेंबडं पोरही सांगेल. श्रावणात ती पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्यापर्यंत येते. आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीनं सोडलेलं पाणी, बंद झालं की मार्चमध्ये खडक उघडे पडतात. एप्रिल २०१६ मध्ये तर रामकुंड कोरडं पडलं होतं, टँकरनं भरावं लागलं.

म्हणून घाटाचा आराखडा करायला बसाल तेव्हा आधी नकाशा काढू नका, वर्षाचा तक्ता काढा. मी या कामात बरीच वर्षं घालवली आहेत, चुकाही केल्या आहेत. प्रभाग समितीत बसणारे, वास्तुकलेचे विद्यार्थी, नव्यानं रुजू झालेले अभियंते यांनी त्या परत करू नयेत, एवढ्यासाठी हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

बारा ओळींचा तक्ता

एक मोठा कागद घ्या. डावीकडे चैत्र ते फाल्गुन. पुढे तीन रकाने: पाणी कुठून येतं, कुठवर येतं, आणि काठावर कोण असतं.

पहिला रकाना भरताना लक्षात येईल की रामकुंडातलं पाणी म्हणजे निम्मं वर्ष गंगापूर धरणाचा निर्णय असतो. पावसाळ्यात विसर्ग, पुढे आवर्तन, मध्ये कोरड. धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. त्यातलं पाणी शहराला प्यायला लागतं, शेतीला लागतं आणि टंचाईच्या वर्षी जायकवाडीलाही सोडावं लागतं. तेव्हा ‘घाटावर बारमाही भरलेलं पात्र’ असं आराखड्यात लिहिण्याआधी ते पाणी कुणाच्या वाट्याचं आहे हे विचारा. साबरमतीचं उदाहरण आपल्याकडे ऊठसूट दिलं जातं. तिथलं भरलेलं पात्र म्हणजे नर्मदेच्या कालव्याचं पाणी, वासणा बंधाऱ्यानं अडवलेलं. आपल्याकडे अशी दुसरी नर्मदा नाही.

तिसरा रकाना सगळ्यात मजेचा. चैत्रात कामदा एकादशीला काळारामाचा आणि गरुडाचा रथ रामकुंडावर येतो, तेव्हा त्या उतारावर गाड्या अडवायला सिमेंटचे कायमचे खुंट रोवाल तर पहिला अडणार तो रामाचा रथ. श्रावणी सोमवारी कपालेश्वराची रांग. भाद्रपदात पितृपक्ष, तोही पुराच्या शेपटीवर. कार्तिकात छठपूजेला संध्याकाळी उसाच्या मोळ्या घेऊन आलेली कुटुंबं. आणि दर बुधवारी बाजार. हा बाजार आराखड्याच्या चित्रात कधीच नसतो, प्रत्यक्षात मात्र कुठल्याही कारंज्यापेक्षा जास्त माणसं तोच आणतो.

आता तक्त्यात २०२७ चा आषाढ ते भाद्रपद बघा. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. दुतोंड्या मारुती बुडवणारा पूर आला होता २ ऑगस्ट २०१६ ला. पुढचा मोठा पूर ४ ऑगस्ट २०१९ चा. म्हणजे गर्दीचा कळस आणि पाण्याचा कळस एकाच पानावर येतात. याच कारणासाठी तक्ता आधी करायचा.

पुराची उंची भिंतींवर वाचायची

गोदाकाठी पूर क्युसेकमध्ये कुणी मोजत नाही, मारुतीवर मोजतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. माझ्या काकांचं भांडी बाजारात दुकान आहे. पाणी कमरेला लागल्याची बातमी आली की ते खालच्या दोन फळ्यांवरची पितळी घंगाळं आणि तांब्याचे हंडे माळ्यावर चढवायला घेतात. छातीला लागलं की दुकानातला दिवा मालवून वीजमीटरचं बटण पाडतात. त्यांना कुणी सूचना द्यावी लागत नाही. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी गेलं म्हणजे काय, हे जुन्या नाशकात पिढ्यांना पाठ आहे.

तुमचं काम या बोलीचे आकडे करायचं आहे. लेव्हल मशिन घेऊन एक सकाळ काढा आणि मारुतीचे गुडघे, कंबर, छाती, गळा यांची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजा. मग सराफ बाजार, भांडी बाजार, नारोशंकराच्या देवळाची पायरी, गाडगे महाराज पुलाखालचा वाहनतळ, यशवंतराव महाराज पटांगण आणि गौरी पटांगण यांची. दुकानदारांना १९ सप्टेंबर २००८ च्या पाण्याची खूण दाखवायला सांगा. बहुतेकांनी भिंतीवर रेघ मारून ठेवलेली असते, कुणी रंगवताना मुद्दाम तेवढी सोडलेली. या रेघा आणि होळकर पुलाखालचा त्या वेळचा विसर्ग जलसंपदा विभागाकडून मिळवून शेजारी लिहा. एका कागदावर हे आलं की अभियंता आणि दुकानदार पहिल्यांदा एकाच भाषेत बोलू लागतात.

यानंतर पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी. पण गोदाघाटाची गंमत अशी की आपल्याला जे काही करायचं आहे ते जवळजवळ सगळं निळीच्या आतच आहे. तेव्हा ‘बांधायचं काय’ हा प्रश्नच चुकीचा. ‘पाण्याखाली जाऊन परत वर येईल असं काय’ हा खरा प्रश्न.

माझी चूक सांगतो. एका नदीकाठी मी दिव्यांचे खांब आखले होते. खांब भक्कम, पाया भक्कम, पण वायरी जोडण्याची पेटी जमिनीपासून दीड फुटावर. पहिल्याच पुरात खांब जागच्या जागी उभे राहिले आणि दिवे कायमचे गेले. पेटीत बोटभर गाळ, आणि त्यात एक मेलेला खेकडा. आता माझा नियम साधा आहे. विजेची प्रत्येक जोडणी माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या वर, नाहीतर सरळ पुलावरून प्रकाश टाका. कठडे नटबोल्टचे, दोन माणसांना उचलता येतील असे. बाक दगडाचे आणि प्रवाहाच्या दिशेला समांतर. आडवे ठेवलेत तर वाहून आलेला कचरा त्यांना अडकतो आणि बाकाचा बंधारा होतो.

पायऱ्यांबद्दल तर बोलूच नये इतकं झालं आहे. जुना घाट काळ्या बसाल्टचा, टाकी मारून, म्हणजे छिन्नीनं टोचून, खरबरीत केलेला. ओल्या पायाला तो धरून ठेवतो. त्यावर चकाकती फरशी बसवली की महिन्याभरात शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरतात. नवा दगड लागलाच तर टाकीचाच घ्या. पायरीची उंची १५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, दहा-बारा पायऱ्यांनंतर टप्पा द्या. पाण्याखालच्या शेवटच्या पायरीच्या पुढे खोली अचानक वाढत असेल तर तिथे साखळी लावा आणि पलीकडच्या काठावरून वाचता येईल असा आकडा रंगवा. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार बारास एक या प्रमाणापेक्षा तीव्र नको. आणि तो देवळाच्या मागच्या गल्लीतून कुठूनतरी आणण्यापेक्षा मुख्य वाटेनंच आणा.

पात्राच्या तळाला हात लावायचा नाही. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास पात्रात काँक्रीट ओतलं गेलं, त्याखाली जुनी कुंडं आणि त्यांचे झरे गाडले गेले. ते काढावं म्हणून गोदाप्रेमींना न्यायालयाची पायरी चढावी लागली. रामकुंड, लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड ही नावं आपण अजून घेतो. पण कुंड म्हणजे नुसता चौकोन नव्हे, जमिनीतून येणाऱ्या पाण्याची ती जागा असते.

मार्चमध्ये वाहणारा नाला

ही पायरी सगळ्यांना टाळायची असते, कारण तिचा फोटो चांगला येत नाही. मार्चच्या मध्यात, पाऊस पडून चार-पाच महिने झालेले असताना, सकाळी सात वाजता गंगापूरपासून तपोवनापर्यंत काठानं चाला. सोमेश्वर, चिखली, मल्हारखाण, सरस्वती आणि पंचवटीकडून येणारी वाघाडी. जो नाला त्या दिवशी वाहतो आहे त्यात पावसाचं पाणी असूच शकत नाही. तो सांडपाणीच वाहतो आहे. सकाळी सातची वेळ मुद्दाम सांगितली, घराघरांतल्या अंघोळी आणि धुणी तेव्हाच चाललेली असतात, प्रवाह तेव्हाच जास्त असतो. बादली आणि घड्याळ पुरतं. बादली किती सेकंदांत भरते ते लिहा, वेळ लिहा, फोटो काढा, नकाशावर ठिपका द्या.

पुढचा प्रश्न: हे पाणी अडवून मलवाहिनीत वळवलं आहे का, आणि वळवलं असेल तर तिथला पंप वीज गेल्यावर काय करतो? बहुतेक वेळा उत्तर असतं की तो थांबतो आणि पाणी परत नदीत. तपोवन आणि आगरटाकळीच्या मलजल शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे बीओडीचे आकडे महिन्याच्या महिन्याला मागा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते याचं माप. लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आत असेल तर काठावर बसायला हरकत नाही, तीसच्या पुढे असेल तर खाली दसक-पंचकला जलपर्णी का माजते हे वेगळं विचारायला नको. ती जलपर्णी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जाते, जे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. आपण काठावर फुलझाडं लावायची आणि खाली पक्ष्यांना आपली घाण पाठवायची, हे बरं दिसत नाही.

नाल्यांचं काम निम्मं झाल्याशिवाय काठावरच्या सजावटीची निविदा काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. राजकारण्यांना ते आवडत नाही. त्यांचंही खरं आहे, जमिनीखालच्या नळाचं उद्घाटन कुणी करत नाही.

एकच छेद सगळीकडे नको

गंगापूर ते तपोवन ही एक नदी नाही, चार आहेत, आणि चारांना चार वेगळे आराखडे लागतात.

गंगापूर ते सोमेश्वर खडकाळ आहे, धबधबा आहे. तिथे पायवाट, कचरापेटी, खोल पाण्याच्या जागी अडसर, बस्स. पावसाळ्यात सेल्फीवाले घसरून पडतात तेवढ्या दोन-तीन जागा हेरून कठडा घाला. आनंदवल्लीपासून होळकर पुलापर्यंत वस्तीचा काठ आहे. इथे गोदापार्कचा खरा उपयोग सकाळी चालणाऱ्यांना. त्यांना सलग वाट हवी, सावली हवी आणि संध्याकाळनंतर दिवा हवा. झाडं लावायची तर करंज, उंबर, जांभूळ. नदीकाठची झाडं पुरात वाकतात आणि परत उभी राहतात. शोभेचे पाम पहिल्या पुरात मुळासकट जातात. होळकर पुलापासून टाळकुटेश्वर पुलापर्यंत तीर्थ आहे. इथे नवं काही करायचंच नाही. जुनं दिसेल एवढं मोकळं करायचं, लोंबणाऱ्या वायरी आणि फलक काढायचे. तपोवनाला कपिला संगम आणि साधुग्रामची जमीन. सिंहस्थ संपल्यावर बारा वर्षं तिथे काय, याचं उत्तर आधी लिहून घ्या.

तीर्थाच्या टप्प्यात आणखी एक आकडा लागतो, वाटांचा. २७ ऑगस्ट २००३ ला पर्वणीच्या दिवशी चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. ते पाण्यात नाही गेले, रामकुंडाकडे उतरणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यात गेले. घाट कितीही रुंद करा, घाटाकडे येणारी गल्ली आहे तेवढीच राहते. प्रत्येक गल्लीची सर्वांत अरुंद जागा टेपनं मोजा. ओट्यामुळे किंवा दुकानाच्या पुढे आलेल्या फळीमुळे आठ फुटांची गल्ली पाच फुटांची झालेली असते. येण्याची वाट आणि जाण्याची वाट कागदावर वेगळ्या रंगानं दाखवा. दोन्ही रंग एकाच गल्लीत आले तर घाट आखणं थांबवा आणि आधी ती गल्ली सोडवा.

काठावर आधीच बसलेली माणसं

तीर्थोपाध्ये, दशक्रियेला बसणारे, न्हावी, फुलंवाले, नारळवाले, बाजारकरी, गोधडी धुवायला आलेल्या बायका. त्यांना ‘अतिक्रमण’ या एका शब्दात बसवलं की आराखडा तिथेच फसतो. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या असतात. त्यांना शेवटी सह्या घ्यायला बोलावू नका, तक्ता भरतानाच बसवा.

चर्चेला बसताना चित्र नेऊ नका, खडू न्या. आम्ही एकदा पटांगणावर बाजाराचे गाळे खडूनं प्रत्यक्ष मापात आखले आणि बाजारकऱ्यांना माल मांडायला सांगितलं. सहा फुटांचा गाळा कांदे-बटाट्याला जास्त झाला, मडकेवालीला अर्धाही पुरला नाही. पाऊण तासात गाळ्यांची तीन वेगवेगळी मापं ठरली. कागदावर तेच ठरवायला तीन बैठका लागल्या असत्या आणि ठरलं नसतंच. बाजाराला छत नको, जमिनीत पुरलेल्या लोखंडी कड्या द्या. ताडपत्री त्यांच्याकडे असतेच, दोरी बांधायला जागा नसते.

दशक्रियेची जागा चहाच्या टपऱ्यांपासून आणि फोटोवाल्यांपासून वळणाआड ठेवा. आपल्या माणसाचा दहावा असताना शेजारी भोंगा वाजत असेल तर काय होतं, ते ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला विचारा.

बोटिंग: गंगापूर धरणाचं पाणी

तीर्थाच्या टप्प्यात यांत्रिक बोटी नकोत, यावर वाद नसावा. गांधी तलावातल्या वल्ह्याच्या होड्यांपुरतं ठीक. खरं बोटिंग गंगापूर धरणाच्या जलाशयात, आणि तिथे दोन गोष्टी सगळं ठरवतात.

पहिली, हे पिण्याचं पाणी आहे. भोपाळच्या मोठ्या तलावात सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं इंधनावर चालणाऱ्या बोटींना मनाई केली, कारण तेच, प्यायचं पाणी. आपण तिथवर जायचंच कशाला? सुरुवातच शिडाच्या, वल्ह्याच्या आणि बॅटरीच्या बोटींनी करा. बॅटरी भरायची जागा काठापासून दूर, वर.

दुसरी, पाण्याची पातळी उतरते. कायमची सिमेंटची जेट्टी बांधाल तर ऑक्टोबरला ती बोटीला लागेल आणि मेमध्ये चिखलात उभी असेल. तरंगती जेट्टी हवी आणि तिला काठाशी जोडणारा बिजागरीचा पूल. पण त्याचाही हिशेब करा. समजा पाणी सहा मीटर उतरलं आणि चालण्याजोगा उतार आठास एक धरला, तर पूल ४८ मीटर लांब लागतो. एवढा पूल म्हणजे खर्चाचा डोंगर. त्यापेक्षा पाण्यापर्यंत उतरत जाणारा दगडी उतार बांधा आणि पाणी सरकेल तशी जेट्टी उतारावरून खाली सरकवा. मासेमारीच्या होड्या पिढ्यानपिढ्या असंच करतात.

सुरक्षेत घासाघीस नको. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीची बोट उलटली, १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. म्हणून जॅकेट बोटीत देऊ नका, तिकीटखिडकीवरच अंगात चढवा. जॅकेट संपली की तिकीट संपलं. लहान मुलांची मापं वेगळी ठेवा, मोठ्यांचं जॅकेट पोराच्या डोक्यावरून निसटतं. बोटीच्या कडेला ‘माणसं १०’ असं मराठीत ठळक रंगवा म्हणजे बसणाराच मोजेल. बचावाची बोट वेगळी, ती कधीही सहलीला द्यायची नाही, रविवारी तर नाहीच. वारा सुटला की थांबायचं. ते कुणी ठरवायचं त्या माणसाचं पद करारात लिहा, आणि तो तिकिटाच्या कमिशनवर नसावा.

परवानग्या, थोडक्यात

पात्र आणि जलाशय जलसंपदा विभागाचे, काठ महापालिकेचा, संरक्षित देवळं आणि वाडे पुरातत्त्व खात्याचे, यांत्रिक बोटींना अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ खाली नोंदणी आणि तपासणी. गोदावरी प्रदूषणाच्या याचिकेत उच्च न्यायालयाचे आदेश आहेत, ते वकिलाकडून समजून घ्या. हे सगळे अर्ज एकाच दिवशी करा. एकामागून एक केलेत तर एक पावसाळा हमखास जातो. कामाचे महिने नोव्हेंबर ते मे, सातच.

पूर ओसरल्यावरची सकाळ

खर्चाच्या अंदाजात ही ओळ बहुतेकदा नसते, आणि घाट मरतो तो तिच्यामुळे. तीनशे मीटर लांब, वीस मीटर रुंद घाटावर नुसता पाच सेंटिमीटर गाळ बसला तरी तो ३०० घनमीटर होतो. पाच घनमीटरच्या डंपरच्या साठ खेपा. ओला असेतोवर हा गाळ अग्निशामक दलाच्या पाण्याच्या झोतानं सरकतो. दोन कडक उन्हं लागली की सिमेंटसारखा बसतो, मग टिकाव लागतात, आणि टिकावानं पायऱ्यांच्या कडा फुटतात. फुटलेल्या कडा पुढच्या वर्षी ‘दुरुस्ती’ म्हणून नव्या फरशीला निमित्त होतात.

तेव्हा निविदेतच लिहा: पाणी घाटावरून उतरल्यापासून चोवीस तासांत गाळ हलवायचा, डंपर कुणाचे, गाळ टाकायचा कुठे. हे काम पाच वर्षं त्याच ठेकेदाराकडे ठेवा, म्हणजे बांधतानाच तो धुवायला सोपं बांधेल. कोपरे गोल करेल, नाल्या झाकताना उचलता येणारी झाकणं देईल. जाहिराती, वाहनतळ आणि बोटींचं उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते घाटाबाहेर खर्च होणार नाही असा ठराव करून घ्या.

आणि नटबोल्टचे कठडे. विसर्ग वाढवल्याचा निरोप येतो तेव्हा पुष्कळदा रात्रीचे दोन वाजलेले असतात, पाऊस कोसळत असतो. कठडे निघायला हवेत आणि ते काढायचा पाना एखाद्या कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात असतो. दोन पाने करा. एक अग्निशामक केंद्रात, दुसरा घाटावरच राहणाऱ्या कुणाकडे. आमच्याकडे तो एका फुलवाल्याच्या गल्ल्याखाली असतो. दर ज्येष्ठात तो त्याला तेल लावतो आणि एक बोल्ट फिरवून बघतो.